जवानाचा फोटो: शोक कोणाचा, रस कोणाचा?

कापूस वेचणीच्या दिवसांत, दिवसभराची कामं आटोपून घाटंजीकर व्याख्यानाला येऊन बसतात, याचं आम्हाला मनापासून कौतुक वाटतं. आजचा विषय आहे युद्धातल्या सैनिकांचे फोटो. ते पाहून आपल्या मनात जे दाटून येतं, ते नेमकं काय असतं आणि पुढं आपण त्याचं काय करतो, एवढाच प्रश्न घेऊ.

सुरुवात जवळून करू. 18 सप्टेंबर 2016 रोजी उरीच्या छावणीवर हल्ला झाला. त्यात गेलेल्यांमध्ये एक जवान आपल्याच जिल्ह्यातल्या वणी तालुक्यातला होता, एक शेजारच्या अमरावती जिल्ह्यातला. पुढं 14 फेब्रुवारी 2019 ला पुलवामा झालं. केंद्रीय राखीव पोलीस दलाचे 40 जवान गेले, त्यात दोघं बुलढाणा जिल्ह्यातले. त्यानंतर वर्तमानपत्रांत आलेले त्यांचे फोटो आठवून बघा. त्यात रणांगण नव्हतं, धूर नव्हता, बंदूक रोखलेली नव्हती. बहुतेक फोटो साधे, समोरून काढलेले, ओळखपत्रावर लावतात तसे. असा फोटो कोणी कौतुकासाठी काढत नाही, तो कागदाला चिकटवायला काढतात. तो पोरगा आपल्याकडे बघतच नसतो, तो फोटोग्राफरनं सांगितलं म्हणून सरळ बघत असतो. आणि तरीही स्फोटाच्या दृश्यांपेक्षा तो चेहराच आपल्याला जास्त हलवून टाकतो. का बरं?

रोलाँ बार्थ या फ्रेंच विचारवंतानं 1980 च्या आपल्या 'कॅमेरा ल्युसिडा' या पुस्तकात 1865 सालचा एक फोटो घेतला आहे. फाशीची वाट बघत बसलेल्या एका तरुण कैद्याचा. बार्थचं म्हणणं आमच्या शब्दांत सांगायचं तर असं, की हा माणूस मरणार आहे आणि हा माणूस मेलेला आहे, या दोन्ही गोष्टी तो फोटो एकदमच सांगतो. ओळखपत्राच्या फोटोचं तसंच आहे. त्यातल्या जवानाला पुढचं काही माहीत नाही, आपल्याला सगळं माहीत आहे. आपण त्याला सावध करू शकत नाही. ही जी असहायता आहे ना, तिच्यातून तो हुंदका येतो.

आता आपल्या परंपरेकडे येऊ. भरतमुनींनी करुणाचा स्थायीभाव शोक सांगितला, वीराचा उत्साह. पण रंगमंचावरचा शोक आपल्याला आस्वाद्य कसा होतो? भट्टनायकानं उत्तर दिलं, साधारणीकरणामुळे. अभिनवगुप्तांनी तो विचार पुढं नेला. 'उत्तररामचरित' बघताना रामाचा शोक हा अमुक एका माणसाचा राहत नाही, तो कोणाचाच नसतो म्हणून सगळ्यांचा होतो. त्यामुळे आपण रडतो, आणि नाटक पुन्हा बघावंसंही वाटतं. कलेत हे अगदी योग्य आहे.

जवानाच्या फोटोत मात्र शोक कोणाचा तरी असतो. त्याला गाव असतं, घर असतं, वारलेल्याचा मोबाईल अजून बंद न केलेली बायको असते. म्हणजे साधारणीकरणाची पहिली अटच इथं पुरी होत नाही. आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे: जवानाचा फोटो ही रसाची सामग्री नाही, आणि आपण मात्र तिचा रस काढत बसलो आहोत.

कसा काढतो ते चौकात बघा. दुसऱ्या दिवशी फ्लेक्स लागतो. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', मध्ये जवान, मागे तिरंगा, रणगाडा, कधी विमानसुद्धा, मग तो पायदळातला का असेना. आणि खाली 'विनीत' म्हणून डझनभर चेहरे. जवानाच्या गावाचं नाव बारीक अक्षरांत, विनीतांची नावं मात्र रस्त्यावरून वाचता येतील अशी. ओळखपत्रावरचा चेहरा कापून तिथं डकवला की तो पोरगा उरत नाही, 'जवान' उरतो. साधारणीकरण झालं. शोकाच्या जागी उत्साह आला, करुणाचा वीर झाला.

हेच घरातल्यांच्या बाबतीतही होतं. अंत्ययात्रा निघायच्या आत आपण त्या माउलीला 'वीरमाता' म्हणतो. शब्द आदराचा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण कॅमेरा पुढं करून 'अभिमान वाटतो ना?' असं विचारतात, तेव्हा उत्तर आधीच ठरवून दिलेलं असतं. तिला नुसतं रडायचं असेल तर? तिच्या शोकाला आपल्या उत्साहाच्या सोयीनं वागावं लागतं.

आणखी एक उदाहरण घेऊ. 27 फेब्रुवारी 2019 ला विंग कमांडर अभिनंदन वर्धमान पाकिस्तानच्या ताब्यात सापडले. डोळ्यांवर पट्टी, चेहऱ्यावर रक्त, अशी त्यांची दृश्यं जगभर फिरली. 1949 च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराचं 13 वं कलम सांगतं, की युद्धकैद्याला अपमानापासून आणि लोकांच्या बघेपणापासून जपलं पाहिजे. म्हणजे चेहऱ्याचा तमाशा करू नये हा जगानं मान्य केलेला नियम आहे. 1 मार्चला ते परतले, आणि लगेच आपल्याकडे राजकीय फलकांवर त्यांचा चेहरा झळकला. तिकडं दाखवणाऱ्यांनी त्यांना विचारलं नव्हतं, इकडं लावणाऱ्यांनी तरी कुठं विचारलं? हेतू वेगळे होते हे आम्हाला मान्य आहे. पण चेहरा दोन्हीकडे वापरलाच गेला. शेवटी 9 मार्च 2019 ला निवडणूक आयोगाला आपलं डिसेंबर 2013 चं पत्र पुन्हा पाठवावं लागलं, की सैन्यदलातल्या व्यक्तींचे फोटो प्रचारात वापरू नका.

कोणी म्हणेल, सर, ही आजच्या राजकारणाची तऱ्हा झाली. तसं नाही. पहिल्या महायुद्धात जखमी हिंदी सैनिकांना ब्रायटनच्या राजवाड्यात ठेवलं होतं. झुंबरांखाली ओळीनं मांडलेल्या खाटांवरचे त्यांचे फोटो मुद्दाम प्रसिद्ध केले गेले, साम्राज्य आपल्या शिपायांची किती काळजी घेतं हे दाखवायला. त्याच युद्धातला दुसरा फोटो मेसोपोटेमियातला आहे. कुत-अल-अमारा इथं सहाव्या पुणे डिव्हिजनला वेढा पडला, त्यात मराठा पलटणीही होत्या. 147 दिवसांनी, 29 एप्रिल 1916 ला शरणागती झाली. त्या वेढ्यातून वाचलेल्या एका हिंदी शिपायाचा फोटो आजही बघायला मिळतो. उघडं अंग, बरगड्या मोजून घ्याव्यात असा देह. फोटोखाली त्याचं नाव नाही. राजवाड्याचा फोटो आपल्याला कृतज्ञ व्हायला सांगतो. हा कुतचा शिपाई काहीच सांगत नाही, आणि त्याच्यावर वीररस चढवताही येत नाही. आपण फक्त विचारतो, हा कोण होता, कुठला होता, घरी पोचला का?

आता तुम्ही आम्हाला कोंडीत पकडू शकता. त्या शिपायाचं नाव नसूनही तुम्ही हललात, मग साधारणीकरण वाईट कसं? प्रश्न रास्त आहे. फरक असा: नाव पुसलेलं असणं आणि नाव नाही म्हणून शोधावंसं वाटणं, या दोन गोष्टी वेगळ्या. फ्लेक्स बघून आपण तृप्त होतो, कुतचा फोटो बघून अस्वस्थ होतो. सुसान सोंटॅग यांनी 1977 साली लिहिलं होतं, की सारखे फोटो बघून माणूस बधिर होतो. 2003 च्या पुस्तकात त्यांनी स्वतःच या मतावर प्रश्नचिन्ह लावलं. आमच्या मते आपल्याकडे बधिरता हा मुख्य धोका नाही. आपल्याला भरपूर वाटतं. अडचण अशी, की वाटून झालं की आपण आपलं काम संपलं असं समजतो. डोळे पुसले, स्टेटस ठेवला, झालं.

म्हणून फोटो दाखवू नयेत असं आम्ही म्हणणार नाही. झाकलेलं मरण सरकारांना नेहमीच सोयीचं असतं. फोटो बघावेत, पण बघताना तीन गोष्टी विचाराव्यात. हा कोणी आणि कशासाठी काढला? आता आपल्यापुढं कोण ठेवतो आहे, आणि त्याला त्यातून काय हवं आहे? आणि यातल्या माणसाचं नाव-गाव काय? त्याच्या घरच्या भिंतीवर हाच फोटो हार घालून लागलेला असतो. तिथं कोणी त्याचा आस्वाद घेत नाही. तिथं त्याची उधारी, त्याचा हट्ट, त्याचं लग्नाचं राहून गेलेलं बोलणं, सगळं आठवतं.

तेव्हा पुढचा असा फोटो मोबाईलवर आला, तर पुढं ढकलण्याआधी त्या पोराचं नाव आणि गाव नीट वाचा. गाव जवळचं असेल तर तेराव्यानंतर, गर्दी ओसरल्यावर, त्या घरी जाऊन या. पेन्शनच्या कागदांसाठी त्या बाईला यवतमाळला कचेरीत चकरा माराव्या लागत असतील, तर एका चकरेला सोबत जा. तिथंही अर्जावर तोच ओळखपत्राचा फोटो चिकटवलेला असेल, आणि त्या टेबलाशी रसिकाचं काही काम नसतं, सोबत्याचं असतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.