अंड्याची पोळी आणि हरवलेला कर्ता

वाङ्मयाची चर्चा करणाऱ्या मासिकांत अंड्याच्या पदार्थांविषयीं लिहावयास घेतलेलें पाहून कांहीं वाचकांच्या भुंवया वर चढतील. परंतु सुशिक्षित कुटुंबांत कोणत्या प्रकारचें गद्य वारंवार उघडलें जातें, असा प्रश्न प्रामाणिकपणें विचारला, तर कादंबरी किंवा निबंध यांच्या आधीं पाककृतीचें नांव घ्यावें लागेल. ज्या गद्यावर रोजचें जेवण अवलंबून आहे, त्याचे गुणदोष पाहणें हें टीकाकाराचें काम नव्हे, असें आम्हांस वाटत नाहीं.

या गद्याची कसोटी पाहावयाची तर अंड्याइतका निर्भीड परीक्षक दुसरा नाहीं. आमटी पांच मिनिटें अधिक उकळली तर फारसें बिघडत नाहीं. भाजी थोडी अधिक शिजली तरी खपते. अंडें मात्र एका मिनिटाच्या गफलतीनें बिघडतें, आणि मग कोणत्याही मसाल्यानें सुधारत नाहीं. लेखकास स्वयंपाक ठाऊक आहे, कीं केवळ साहित्याची यादी ठाऊक आहे, हें अंड्याच्या पाककृतीवरून तत्काळ कळतें.

आतां मराठी पाककृतीची नेहमींची वाक्यरचना पाहा. अंडीं फोडून घ्यावीं, कांदा बारीक चिरावा, तव्यावर तेल सोडावें, मिश्रण ओतावें, उलटावें, गरमागरम वाढावें. सर्व क्रियापदें विध्यर्थी, आणि तीं कर्माप्रमाणें चालतात. कांदा पुल्लिंगी म्हणून 'चिरावा', तेल नपुंसकलिंगी म्हणून 'सोडावें'. ज्या व्यक्तीनें हें सर्व करावयाचें, तिचा मात्र वाक्यांत कोठेंही मागमूस नाहीं. ही रचना आटोपशीर आहे आणि भाषेच्या वळणास धरून आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण कर्ता एकदां वाक्यांतून गेला, कीं त्यानें काय पाहावें, कधीं थांबावें आणि स्वतः जेवावें केव्हां, हे तीन प्रश्नही त्याच्याबरोबर नाहींसे होतात.

पहिले दोन प्रश्न विस्तवाचे आहेत. सुमारें 62 अंश सेल्सिअसला अंड्याचें पांढरें गोठूं लागतें. बलक 65 अंशांच्या आसपास दाट होऊं लागतो आणि 70 अंशांच्या सुमारास घट्ट होतो. पाण्यास उकळी येते ती 100 अंशांवर. म्हणजे अंडें शिजण्यास खळखळती उकळी लागतच नाहीं. फार वेळ उकडलेल्या अंड्याच्या बलकाभोंवतीं हिरवट कडें दिसतें, तें पांढऱ्यांतील गंधक आणि बलकांतील लोह यांच्या संयोगानें झालेलें असतें. तें पाहून अंडें शिळें असल्याचा संशय येतो. वस्तुतः चूक अंड्याची नसून घड्याळाकडे न पाहणाऱ्याची असते. उलट, अगदीं ताजें अंडें उकडल्यावर नीट सोललें जात नाहीं. कांहीं दिवसांच्या अंड्याचें कवच सहज सुटतें, कारण मधल्या काळांत आंतील कर्बवायु कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून निघून गेलेला असतो आणि त्यामुळें पांढरें आंतल्या पापुद्र्यास पूर्वीइतकें चिकटत नाहीं. इतक्या उपयोगी गोष्टी 'शिजेपर्यंत' आणि 'सोलून घ्यावीं' या शब्दांखालीं दडपल्या जातात.

कमलाबाई ओगले यांचें 'रुचिरा' हें 1970 सालीं निघालेलें पुस्तक इतक्या घरांत पोंचलें, याचें एक मोठें कारण म्हणजे त्यांतील वाटी-चमच्यांचें निश्चित प्रमाण. अंदाजाच्या जागीं माप आलें, हा नवशिक्या हातांवर मोठाच उपकार होय. परंतु वाटी जिन्नसाचें माप सांगते, आंचेचें सांगत नाहीं. आणि अंड्याच्या बाबतींत आंच हाच मुख्य जिन्नस आहे.

अंडाकरीचें उदाहरण घ्या. उकडलेलीं अंडीं रश्श्यांत सोडून आणखी दहा मिनिटें उकळावीं, म्हणजे मसाला आंत मुरतो, असा उपदेश वाचावयास मिळतो. गोठलेल्या पांढऱ्यांतून मसाला दहा मिनिटांत फारसा आंत शिरत नाहीं. पांढरें मात्र रबरासारखें चिवट होतें. रस्सा स्वतंत्र उकळून घेतला आणि अंडीं अर्धीं करून वाढण्याच्या जरा आधीं त्यांत सोडलीं, तर दोहोंची चव राहते. कित्येक घरांत करतात त्याप्रमाणें मंद उकळत्या रश्श्यांत कच्चींच अंडीं फोडून सोडलीं, तर मसाला अंगाशीं लपेटूनच तीं गोठतात, आणि उकडणें व सोलणें हीं दोन्ही कामें वांचतात. असा पर्याय सुचण्यास, चुलीपुढें कोणी माणूस उभें आहे आणि त्याचे कष्ट मोजण्यासारखे आहेत, याची आठवण लेखकास असावी लागते.

तिसरा प्रश्न नुसत्या चवीचा नाहीं. आमच्या लहानपणीं घरांत अंड्याचा तवा वेगळा असे. स्वयंपाकघरांत त्यास मज्जाव. मागील पडवींतील शेगडीवरच त्याचें राज्य. सुटींत भावंडें, चुलतभावंडें आणि त्यांचे मित्र जमले, म्हणजे रविवारीं सकाळीं अंड्याच्या पोळ्यांचा बेत ठरे. 'ऑम्लेट' हा शब्द तेव्हां आमच्या घरीं कोणी वापरीत नसे. तवा एकच, म्हणून एका वेळीं पोळीही एकच. चौदा माणसें, प्रत्येकी दोन पोळ्या. पोळीस तीन मिनिटें धरलीं तरी जवळजवळ दीड तास आमच्या वहिनी त्या शेगडीपुढें बसून असत. 'वहिनी, आणखी एक' अशी हांक गेली कीं पोळी येई. वहिनी येत नसत. शेवटीं पातेल्याच्या तळाशीं उरलेल्या मिश्रणाची एक वेडीवांकडी पोळी त्या काढीत, आणि तीही बहुधा भांडीं आवरून झाल्यावर खात. अंड्याची पोळी गरमागरमच खाल्ली पाहिजे, असें आम्ही मोठ्या रसिकतेनें म्हणत असूं. ती तशी वहिनींनीं कधीं खाल्ली आहे काय, हा प्रश्न आमच्यापैकीं एकाच्याही मनांत आला नाहीं. 'गरमागरम वाढावें' या आज्ञेचा दुसरा अर्थ, वाढणारीनें गार खावें असा होतो, हें आम्हांस पुष्कळ उशिरां कळलें. आणि कळलें तेव्हां वहिनी नव्हत्या.

यांत पोळीचा दोष नाहीं. दोघां-तिघांच्या सकाळच्या न्याहारीस तिच्या तोडीचे पदार्थ थोडेच. एका माणसासाठीं एका माणसानें करावयाचा तो जिन्नस आहे. त्यास पंगतीस नेलें, ही आमची चूक. पंगतीचें अंडें कसें असावें, हें मुंबईच्या पारशी घरांतून शिकण्यासारखें आहे. तेथें 'पर ईडु' म्हणून प्रकार करतात. त्याचा अर्थच 'वर अंडें' असा. कांदा-टोमॅटो, भेंडी किंवा बटाटा यांपैकीं कांहींही परतून त्याचा थर पसरट भांड्यांत लावतात, त्यांत खळगे करून प्रत्येकांत एक अंडें फोडतात, आणि झाकण ठेवून मंद आंचेवर पांच-सात मिनिटें राहूं देतात. पांढरें बसलें आणि बलक अजून किंचित हलतो आहे, तोंच भांडें उतरावें. उरलेलें काम भांड्याची ऊब करते. भाजीचा थर आधीं करून ठेवतां येतो, डझनभर अंडीं एकदम होतात, आणि भांडें मध्यें ठेवून जिनें किंवा ज्यानें तें केलें, तें माणूसही सर्वांबरोबर बसतें. दिसेल त्या भाजीवर अंडें फोडण्याच्या पारशी हौसेची थट्टा होते. परंतु त्या हौसेंत हा एक मोठा सोयीचा भाग आहे, तिकडे थट्टा करणारांचें लक्ष जात नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, पाककृतीनें चव सांगावी. घरांतील न्यायनिवाडा तिच्याकडे कशाला? आक्षेप वरवर खरा वाटतो. पण पदार्थ केव्हां करावा, किती जणांसाठीं करावा आणि कसा वाढावा, हें पाककृति सांगतच असते; म्हणजे जेवणाची व्यवस्था ती आधींच आपल्याकडे घेऊन बसली आहे. मग त्या व्यवस्थेंत एक माणूस दरवेळीं बाहेर राहत असेल, तर तो लेखनाचाच दोष म्हटला पाहिजे.

तेव्हां यापुढें अंड्यावर लिहिणाऱ्या पाकलेखकांकडे आमचें मागणें थोडकेंच आहे. विस्तव किती ठेवावा तें सांगा. भांडें कोणत्या क्षणीं उतरावें तें सांगा. एकेक करून करावयाचा पदार्थ पाहुण्यांच्या बेतांत घालूं नका. आणि पाककृतीच्या शेवटीं 'चार माणसांस पुरेल' असें लिहितां, तेव्हां त्या चारांत करणारें माणूस धरलें आहे कीं नाहीं, तेंही एकदां स्पष्ट लिहा.