खून कोणी केला हे कळल्यावर काय उरतं? : अलास्कातली रहस्यकादंबरी आणि त्लिंगित कथा

माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं : 'लेखकाने त्लिंगित लोककथेचा वापर वातावरणनिर्मितीसाठी केला आहे.' गाइडनी त्याच्याखाली पेन्सिलनं दोनच शब्द लिहून मसुदा परत दिला, 'कोणाची कथा?' मला वाटलं, यात विचारण्यासारखं काय आहे? त्लिंगितांची! मग वाचायला बसलो आणि जवळजवळ सहा महिने त्या दोन शब्दांतच अडकलो. तुमच्यापैकी जे आत्ता पेटच्या तयारीत आहेत, विषय शोधतायत, त्यांना हे सहा महिने थोडक्यात सांगतो. त्यातला निम्मा वेळ तरी तुमचा वाचावा.

आधी माणसं. त्लिंगित हे अलास्काच्या आग्नेय पट्ट्यातले मूळ रहिवासी. बेटं, खाड्या, सततचा पाऊस, घनदाट जंगल आणि सॅल्मन मासा असा हा प्रदेश. (नावाचा इंग्रजी उच्चार 'क्लिंकिट'च्या जवळ जातो. त्यांच्या स्वतःच्या भाषेत सुरुवातीचा जो आवाज आहे, तो आपल्या वर्णमालेतच नाही, म्हणून 'त्लिंगित' ही तडजोड.) समाज दोन अर्ध्यांत विभागलेला : एक कावळ्याचा, दुसरा गरुडाचा किंवा लांडग्याचा. प्रत्येक अर्ध्यात अनेक कुळं असतात. कूळ आईकडून येतं आणि लग्न पलीकडच्या अर्ध्यात करायचं असतं. ही माहिती लिटरेचर रिव्ह्यूत एका परिच्छेदात उरकायची गोष्ट वाटते. मीही तशीच उरकली होती. पुढे सगळं तिथंच येऊन थांबलं.

आता कादंबरी. जॉन स्ट्रेली यांची 'द वुमन हू मॅरिड अ बेअर' 1992 साली आली. स्ट्रेली सिट्का गावात राहणारे. फौजदारी खटल्यांत बचाव पक्षासाठी तपासनीस म्हणून त्यांनी काम केलंय, त्यामुळे कोर्टाचे कागद, साक्षीदारांची टाळाटाळ, पावसात ताटकळणं हे सगळं अंगावर येण्याइतकं खरं आहे. सेसिल यंगर हा त्यांचा खाजगी डिटेक्टिव्ह. दारूत बुडालेला, न्यायाधीशाचा मुलगा, कवितेची आवड असलेला. वृद्धाश्रमातली एक म्हातारी त्लिंगित बाई त्याला बोलावते. तिचा मुलगा शिकाऱ्यांचा वाटाड्या होता, त्याचा खून झालाय. गुन्हेगार पकडला गेलाय, तुरुंगात आहे. केस बंद!

आणि तरी तिला कळायला हवंय.

मला ही मांडणी फार आवडते. साधारण रहस्यकादंबरी प्रेतापासून निघते आणि खुन्याच्या नावापाशी थांबते. इथं खुन्याचं नाव पहिल्याच भेटीत टेबलावर आहे आणि आईचं दुःख त्यानं तसूभरही हललेलं नाही. म्हणजे 'कोणी केलं' या प्रश्नाच्या उत्तरात शोकाचं उत्तर नाही, हे कादंबरी सुरुवातीलाच कबूल करते. (शेवट सांगत नाही, निश्चिंत राहा.)

शीर्षकातली कथा मात्र सांगायलाच हवी. एक मुलगी बोरं वेचायला जाते. वाटेत अस्वलाच्या विष्ठेवर पाय पडतो आणि ती अस्वलांना शिव्या देते. मग एक देखणा तरुण भेटतो, ती त्याच्याबरोबर जाते आणि तो अस्वल आहे हे तिला हळूहळू उमगतं. दोघांना मुलं होतात. तिचे भाऊ तिला शोधत येतात. नवऱ्याला आपलं मरण आधीच कळलेलं असतं. तो प्रतिकार करत नाही. मेलेल्या अस्वलाचा मान कसा राखायचा, कुठली गाणी म्हणायची, हे तिला शिकवून मग तो मरतो. ती माहेरी परतते. भाऊ चेष्टेनं तिला अस्वलाचं कातडं पांघरायला लावतात. ती अस्वल होते आणि अनेक कथनांत त्यांना मारून टाकते.

पुन्हा वाचा. नवऱ्याला मारणारे सख्खे भाऊ, आणि भावांना मारणारी बहीण. हा खून घरातला आहे आणि शोक करणाऱ्या बाईला कुठल्याच बाजूला उभं राहता येत नाही. ज्या कथेला मी 'वातावरणनिर्मिती' म्हटलं होतं, तीच कादंबरीचा तपास चालवते : बाहेरच्या वेड्या माणसाकडे बघू नकोस, घराकडे बघ. लेखकानं संकेत मुखपृष्ठावर छापलाय आणि मी तो सजावट समजलो!

इथपर्यंत आलो तेव्हा वाटलं, चॅप्टर झाला. पण गाइडचा प्रश्न तसाच होता. कोणाची?

जॉन स्वॉन्टन यांनी 1904 साली सिट्का आणि रँगेल इथं कथा गोळा केल्या. त्यांचं पुस्तक 1909 साली निघालं. मी आधी तेवढंच वापरलं होतं, कारण ते मोफत मिळतं. (हे कबूल करायला लाज वाटते, पण आपल्यापैकी अनेकांची संदर्भसूची अशीच ठरते.) नंतर नोरा मार्क्स डाउएनहाउअर आणि रिचर्ड डाउएनहाउअर यांचं 'हा शुका' (1987) हातात आलं. नोराबाई स्वतः त्लिंगित, भाषा घरातली. तिथं मला 'अट-ऊ' हा शब्द भेटला. ढोबळ अर्थ, कुळाच्या मालकीची गोष्ट : टोपी, घोंगडी, गाणं, जागा, कथासुद्धा. आणि ही मालकी बहुधा कुठल्या तरी पूर्वजानं जिवाची किंमत मोजून मिळवलेली असते. अस्वलिणीशी लग्न करणाऱ्या काट्स नावाच्या माणसाची कथा घ्या. ती तेक्वेदी कुळाची आहे, आणि अस्वल हे त्यांचं कुलचिन्ह. ती कुणीही उठून सांगावी अशी नाही. अस्वलाशी लग्न करणाऱ्या बाईची कथा मात्र बऱ्याच लोकांत पसरलेली आहे. कॅथरीन मॅक्लेलन यांनी 1970 साली फक्त दक्षिण युकॉन भागातली तिची अकरा कथनं एकत्र छापली. म्हणजे 'त्लिंगित लोककथा' या एका शब्दाखाली मी सामायिक कथा आणि कुळाचा दस्तऐवज एकाच पोत्यात भरले होते. स्ट्रेली यांनी सामायिक बाजूची कथा निवडली. ते त्लिंगित नाहीत. ही निवड जाणूनबुजून होती की कसं, हे कादंबरीवरून सिद्ध होत नाही, आणि थिसिसमध्ये मी तसा दावाही करणार नाही. पण फरक पडतो.

शोकाचंही तसंच. कुणी गेलं की अंत्यविधीची कामं पलीकडच्या अर्ध्यातले लोक करतात. आपल्याकडे सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, शेजारचे डबे आणतात, त्याची मला आठवण झाली; पण तुलना तिथंच सोडली, कारण त्लिंगितांकडे याचा हिशोब असतो. काही काळानं, बहुधा वर्षभरानं, शोक झालेलं कूळ 'कू-ईख' म्हणजे स्मृतिमेजवानी घालतं आणि त्या लोकांना अन्न, वस्तू, पैसे देऊन परतफेड करतं. पाहुणे भाषणं करतात. टोप्या-घोंगड्यांवरचे पूर्वज जणू सांत्वनाला आले आहेत असं बोलतात. 1968 साली हूना गावात झालेली अशी भाषणं डाउएनहाउअर दांपत्याच्या 1990 च्या पुस्तकात आहेत. दुःख एका माणसानं एकट्यानं सोसायचं नसतं, समोरच्या बाजूनं ते उचलून न्यायचं असतं. हे वाचल्यावर वृद्धाश्रमातली ती आई वेगळी दिसायला लागते. तिनं शोक उचलायला बोलावलंय कोणाला, तर पैसे घेऊन काम करणाऱ्या दारुड्या गोऱ्या डिटेक्टिव्हला. कादंबरीतली सगळ्यात उदास गोष्ट मला हीच वाटते, आणि समीक्षेची माझी तक्रारही इथंच आहे : सेसिलचं एकटेपण इतकं सुरेख लिहिलंय की पानंच्या पानं शोक त्याचाच होऊन बसतो.

गुन्ह्याची कल्पनाही वेगळी आहे. 1882 साली अँगून गावचा एक शमन व्हेलच्या शिकारीत हार्पूनच्या स्फोटात मेला. गावानं भरपाई म्हणून 200 ब्लँकेट मागितले. त्यांच्या कायद्यानं हा रास्त हिशोब होता, मृत्यूनं बिघडलेला तोल सावरायचा. अमेरिकन नौदलानं त्याला बंड समजून उलट 400 ब्लँकेटचा दंड मागितला आणि 26 ऑक्टोबरला गावावर तोफा डागून ते जाळलं. नौदलानं माफी मागितली ती 2024 साली. रहस्यकथेचा डिटेक्टिव्ह 'दोषी कोण' विचारतो. अँगूनचे लोक 'कोण कोणाचं काय देणं लागतं' विचारत होते. मायकेल शेबन यांच्या 'द यिडिश पोलिसमेन्स युनियन' (2007) मध्ये हा दुसरा प्रश्न निदान ऐकू येतो. तिथं काल्पनिक इतिहासातलं सिट्का ज्यूंचं आहे, डिटेक्टिव्हचा जोडीदार बेर्को अर्धा त्लिंगित आहे, आणि आपली जमीन हातची जाणार हा शोक ज्यू पात्रांना जडलाय, जो त्लिंगितांना आधीच माहीत आहे. लोककथा जवळजवळ नाही, इतिहास आहे. मला ते प्रामाणिक वाटतं.

सगळ्यात वाईट हाल होतात ते 'कूशदा-का'चे, म्हणजे पाणमांजर-माणसांचे. भयकथा लिहिणाऱ्यांना हा राक्षस फार आवडतो : जंगलात नखं, दात, किंकाळ्या. मूळ कथनांत ही पाणमांजरं बुडणाऱ्या किंवा रानात हरवलेल्या माणसांना आपल्यात ओढून नेतात, आणि येताना ओळखीच्या नातेवाइकांचं रूप घेऊन येतात. मासेमारीवर जगणाऱ्या किनाऱ्यावर, जिथं बुडालेल्याचं शरीर कितीदा सापडतच नाही, तिथं याचा अर्थ काय होत असेल? भीती आहेच. पण गेलेला माणूस तिकडे, त्या झाडांमागे, अजून कसल्या तरी रूपात आहे, ही आशाही तिच्यात मिसळलेली आहे. नुसता राक्षस ठेवला की शोक कापून टाकला जातो आणि उरतो तो फक्त सस्पेन्स. (कोकणातल्या चकव्याशी याची तुलना करायचा मोह मला झाला होता. दोन पानं लिहिलीही. काढून टाकली, वाट चुकवणं एवढंच साम्य होतं.)

तुम्हाला या प्रकारचं काही वाचायचं असेल तर स्ट्रेली यांच्यापासून सुरुवात करा, पण शेजारी 'हा शुका' उघडं ठेवा. त्यात समोरासमोरच्या पानांवर त्लिंगित आणि इंग्रजी आहे, आणि सांगणारा जिथं थांबला तिथं ओळ तोडली आहे. अस्वलाच्या बाईची कथा त्यातून एकदा मोठ्यानं वाचा, ओळीगणिक थांबत. मी ती हॉस्टेलच्या खोलीत वाचली तेव्हा भाऊ कातडं आणतात तिथं इतक्या छोट्या ओळी आल्या की रूममेटनं हेडफोन काढून विचारलं, 'पुढे काय?'