'किमान' प्रतिमेतील मराठीचे स्थान

मुक्तस्रोत कार्यप्रणालीची कंटेनर प्रतिमा म्हणजे त्या प्रणालीतील निवडक फाइलींचा गोठवून ठेवलेला संच होय. हा संच थरांनी बनतो. पायाचा थर एकाने रचावा आणि त्यावर दुसऱ्याने आपली आज्ञावली ठेवावी, अशी ही व्यवस्था. २०१३ साली डॉकर प्रसृत झाल्यानंतर ती सर्वत्र रूढ झाली. १९९३ साली आरंभ झालेल्या डेबियन प्रकल्पाची प्रतिमा अशा पायासाठी पुष्कळ वापरली जाते. तिची 'स्लिम' नावाची एक सडपातळ आवृत्तीही मिळते. कार्यास अनावश्यक तेवढेच तीत वगळले आहे, असे तिचे समर्थन असते. परंतु अनावश्यक ते कोणास, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. मराठीच्या दृष्टीने तो विचारणे अगत्याचे आहे.

परीक्षेसाठी 'शिर्डी' हे एकच नाव पुरेसे आहे. मराठी वाचक त्यात दोन अक्षरे मोजतो. युनिकोडमध्ये त्याची सहा चिन्हे होतात: श, ऱ्हस्व इकार, र, हलन्त, ड आणि दीर्घ ईकार. यूटीएफ-८ पद्धतीने प्रत्येकास तीन, याप्रमाणे एकूण अठरा बाइट लागतात. डेबियनची प्रतिमा मिळते तशीच चालविली, तर तीत भाषेची कोणतीच निवड केलेली नसते. अक्षरे मोजणारी आज्ञा अशा वेळी अठरा हा आकडा देते. प्रतिमेतच असलेले 'सी.यूटीएफ-८' हे लोकेल निवडले की तीच आज्ञा सहा सांगते. म्हणजे एवढा दोष एका ओळीने दूर होतो, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

क्रमाचा प्रश्न इतका सोपा नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील राशीन, राहाता, राहुरी व राळेगण सिद्धी ही नावे घ्यावीत. मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, म्हणून वरील क्रमच योग्य होय. युनिकोडमध्ये मात्र ळ ला ल च्या लगतचा क्रमांक मिळालेला आहे. केवळ क्रमांकांवर विसंबणारे 'सी.यूटीएफ-८' राळेगण सिद्धीला राशीनच्याही आधी बसविते. गावांची सूची मराठी क्रमाने हवी असल्यास मराठीची स्वतंत्र नियमावली यंत्राजवळ असावी लागते, आणि पायाच्या प्रतिमेत ती नसते.

दर्शनाची बाब आणखी निराळी. 'शिर्डी'तील इकार साठविला जातो श नंतर, पण काढला जातो त्याच्या आधी. र साठविला जातो ड च्या आधी, पण दिसतो रेफ होऊन त्याच्या माथ्यावर. ही उलथापालथ साधणारी सामग्री आणि देवनागरी टंक नसतील, तर कंटेनरात तयार झालेल्या पावतीवर गावाच्या नावाऐवजी रिकामे चौकोन उमटतात. टंकांचा तुटवडा आहे असेही नाही. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने पुरविलेला आणि रेड हॅटने मुक्त केलेला 'लोहित' टंक २०११ पासून अधिक मोकळ्या परवान्याखाली मिळतो. डेबियनच्या भांडारातही तो आहे.

येथवरच्या उणिवा भर घालून भरून निघणाऱ्या आहेत. 'स्लिम' आवृत्तीचा दोष याहून खोल आहे. तीत नियमपुस्तिका व भाषांतरित संदेशांच्या फाइली काढलेल्या असतातच. शिवाय पुढे बसविल्या जाणाऱ्या आज्ञावलींचीही भाषांतरे वगळावीत, असा नियम प्रतिमेतच लिहून ठेवलेला असतो. वरच्या थरावर काम करणाऱ्याने एखादी आज्ञावली तिच्या मराठी भाषांतरासह बसविली, तरी भाषांतर निमूटपणे गळते व कोणतीही सूचना मिळत नाही. इंग्रजी संदेश मात्र शाबूत राहतात, कारण ते आज्ञावलीच्या देहातच असतात. त्यामुळे ही काटछाट सर्व भाषांना सारखी लागू आहे, हा युक्तिवाद टिकत नाही.

लहान प्रतिमा लवकर पोहोचते, जागा कमी व्यापते, आणि तीतील फाइली थोड्या असल्याने तपासणीही सुकर होते. हे लाभ खरे आहेत. ज्या आज्ञावलीचा वाचकाशी संबंधच येत नाही, तिच्यासाठी 'स्लिम' आवृत्ती योग्यच ठरेल. परंतु शिर्डीसारख्या गावी, जेथे मराठीबरोबर तेलुगू, तमिळ, गुजराती व हिंदी बोलणारे यात्रेकरू येतात, तेथील नोंदवहीसाठी हेच माप लावणे अयोग्य होय. तेथे लिपी हीच कार्याची आवश्यकता आहे.

उपाय मुक्तस्रोताच्या स्वरूपातच आहे. वगळण्याचा नियम साध्या मजकुरात लिहिलेला असल्याने तो वाचता येतो आणि त्यात मराठीपुरता अपवाद घालता येतो. अथवा पूर्ण आवृत्ती घेऊन तीवर लोकेल व टंक यांचा एक थर चढविता येतो. मराठीसाठी प्रतिमा निवडणाऱ्याने तिचा आकार पाहण्यापूर्वी तीत एक नाव मोजून, चार नावे क्रमाने लावून आणि एक पावती छापून पाहावी. ह्या तीन कसोट्यांना न उतरणारी प्रतिमा मराठीच्या कामासाठी किमान नव्हे, अपुरी मानावी लागेल.