वेषांतर आणि रूपांतर : 'सेलर मून'ची नायिका आणि मोहिनीचे मिथक

मराठी नाट्यविचारात 'वेषांतर' आणि 'रूपांतर' हे शब्द पुष्कळदा एकमेकांच्या जागी योजिले जातात. वस्तुतः त्यांत मूलभूत भेद आहे. वेषांतरात मूळ व्यक्ती अबाधित राहते आणि तिच्यावर दुसरे रूप पांघरले जाते. आत कोण आहे हे ठाऊक असण्यातच प्रेक्षकाचा आनंद असतो. रूपांतरात मूळ व्यक्ती आणि नवे रूप यांतील नाते हाच कथेचा विषय होतो. नाओको ताकेउची यांची 'सेलर मून' ही जपानी चित्रकथा आणि तिच्यावर आधारलेली चित्रमालिका यांचा या भेदाच्या आधारे विचार केला, तर तिच्या अफाट लोकप्रियतेआड दडलेला गंभीर आशय हाती लागतो. शिवाय स्त्रीरूपाच्या मराठी परंपरेविषयीही एक प्रश्न उपस्थित होतो.

असा विचार करण्याची गरज आता टाळता येण्याजोगी नाही. २००५ पासून 'डोरेमॉन' हिंदीतून भारतीय दूरचित्रवाणीवर दिसू लागला आणि भाईंदर पश्चिमेसारख्या उपनगरांतील मराठी घरांतही जपानी चित्रमालिका बालपणाचा भाग बनल्या. ज्या कथांवर वाचकांच्या नव्या पिढीची कल्पनाशक्ती पोसली गेली, त्या कथाप्रकाराला 'मुलांचे कार्यक्रम' म्हणून बाजूला सारणे समीक्षेला परवडणारे नाही.

'सेलर मून' कोदान्शा या प्रकाशनसंस्थेच्या 'नाकायोशी' या मुलींच्या मासिकात १९९१ च्या अखेरीस सुरू झाली आणि १९९७ पर्यंत चालली. तोएई या संस्थेने केलेल्या चित्रमालिकेचे २०० भाग १९९२ ते १९९७ या काळात प्रसारित झाले. नायिका उसागी त्सुकिनो चौदा वर्षांची, अभ्यासात मागे, रडवी आणि झोपाळू. लूना नावाची बोलकी मांजर तिला एक मंत्र देते आणि त्याच्या उच्चारासरशी ती दुष्ट शक्तींशी लढणारी योद्धा होते. पुढे कळते की ती पूर्वजन्मीची चंद्रराज्याची राजकन्या आहे. म्हणजे येथील रूपांतर हे अंशतः स्मरण आहे.

या नायिकेला एक वंशपरंपरा आहे. ओसामु तेझुका यांच्या 'रिबन नो किशी' (१९५३) या चित्रकथेतील सफायर ही राजकन्या. राज्याचा वारसा केवळ पुत्राला मिळतो म्हणून तिला राजपुत्र म्हणून वाढवले जाते. तेझुका यांचे बालपण ताकाराझुका या गावी गेले. तेथे इचिझो कोबायाशी यांनी १९१३ मध्ये स्थापलेल्या रंगसंस्थेत सर्व भूमिका, पुरुषांच्यादेखील, स्त्रियाच करीत. सफायरला सत्ता मिळते ती पुरुषवेषातून. फुजिओ आकात्सुका यांच्या 'हिमित्सु नो आक्को-चान' (१९६२) मधील मुलगी आरशाच्या जादूने हवे ते रूप घेते, पण तिला मिळते ते दुसऱ्याचे रूप. गो नागाई यांच्या 'क्यूटी हनी' (१९७३) ची नायिका अनेक वेष धारण करते. मात्र ती मुलांच्या साप्ताहिकात अवतरली होती आणि तिच्या देहाचे प्रदर्शन हा कथेचा उघड भाग होता. तिघींच्याही बाबतीत सामर्थ्य येते ते 'दुसरे कोणी' होण्यातून.

उसागीचे तसे नाही. रूपांतरानंतरही तिचा चेहरा तोच राहतो, केशरचना तीच राहते. तरी तिला कोणी ओळखत नाही. वास्तववादी दृष्टीने हा दोष ठरेल. परंतु संकेताच्या पातळीवर त्याचा अर्थ असा की, जग या मुलीला पाहत असूनही ओळखत नाही. तिचा योद्ध्याचा वेष हा जपानी शाळकरी मुलीच्या खलाशी पद्धतीच्या गणवेशाचेच रूप आहे. ती राणी किंवा पुरुष होऊन लढत नाही, शाळकरी मुलगी म्हणूनच लढते. तिच्या मंत्राचा शेवट 'मेकअप' या शब्दाने होतो आणि पहिल्या पर्वातील रूपांतराच्या दृश्यात तिची नखे रंगतात. भरताने ज्याला आहार्य म्हटले त्या अभिनयांगाला, म्हणजे वेशभूषा-रंगभूषेला, येथे शस्त्राचे स्थान मिळते. मुलींच्या ज्या नटण्याला सामान्यतः उथळ समजले जाते, त्यातूनच कथेने सामर्थ्य निर्माण केले आहे.

याच ठिकाणी मराठी परंपरेकडे वळणे उद्बोधक ठरते. रूप बदलणाऱ्या स्त्रीचे आपले आद्य मिथक मोहिनीचे. विष्णू मोहिनी होतो, भस्मासुराला नृत्यात गुंतवतो, त्याचा हात त्याच्याच मस्तकावर ठेववतो आणि कार्यभाग साधताच मोहिनी लोप पावते. तिला बालपण नाही, स्मृती नाही, स्वतःचे दुःख नाही. ती एका पुरुषदेवतेची युक्ती आहे. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) मध्ये तारामतीची भूमिका साळुंके या पुरुष नटाकडून करवून घेतली. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर' मध्ये मात्र मोहिनीच्या भूमिकेत कमलाबाई आणि पार्वतीच्या भूमिकेत त्यांच्या आई दुर्गाबाई कामत होत्या. भारतीय चित्रपटसृष्टीची पायाभरणी होत असताना पडद्यावर आलेली ही जवळपास तेरा वर्षांची मुलगी देवाने घेतलेल्या स्त्रीवेषाची भूमिका करीत होती. स्त्री पडद्यावर आली, परंतु तिच्या वाट्याला आलेले पात्र पुन्हा वेषांतराचेच होते.

रंगभूमीवर हा पेच अधिक सूक्ष्म होतो. खाडिलकरांच्या 'मानापमान' (१९११) मध्ये भामिनी वनमाला बनून धैर्यधराची परीक्षा घेते. आणि भामिनीची भूमिका करीत होते नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व. पुरुष नट, त्याने साकारलेली स्त्री आणि त्या स्त्रीने घेतलेला दुसऱ्या स्त्रीचा वेष असे हे तिपदरी वेषांतर होय. बालगंधर्वांची लुगडी, दागिने, केशरचना यांचे अनुकरण महाराष्ट्रातील घरंदाज स्त्रिया करीत, हे सर्वज्ञात आहे. म्हणजे स्त्रीने कसे दिसावे याचा आदर्श एका पुरुषाच्या कलेने घालून दिला. गंधर्व नाटक मंडळीचे स्थापनावर्षही १९१३. एकीकडे पुरुष स्त्री होत होता, दुसरीकडे ताकाराझुकात मुली पुरुष होत होत्या. योगायोगाला कारणाचे रूप देऊ नये, हे खरे. परंतु दोन समाजांनी लिंगभूमिका रंगमंचावर हाताळण्याचे कोणते मार्ग निवडले, हे या योगायोगामुळे शेजारी ठेवून पाहता येते.

ताकाराझुकाचा वारसा 'सेलर मून' मध्ये पुरुषी पोशाख करणाऱ्या हारुका तेनोच्या रूपाने ठळकपणे जाणवतो. अखेरच्या पर्वातील 'सेलर स्टारलाइट्स' यांच्याबाबत तर चित्रकथा आणि चित्रमालिका यांत अर्थपूर्ण फरक आहे. ताकेउची यांच्या चित्रकथेत त्या पुरुषवेषातील स्त्रिया आहेत. चित्रमालिकेत ते तिघे गायक पुरुष असून रूपांतरानंतर स्त्रिया होतात. पहिले वेषांतर आहे, दुसरे रूपांतर. ज्या पेचावर मराठी रंगभूमीने संकेताचा पडदा टाकला, तो येथे थेट मुलांसमोर मांडला गेला.

परंतु 'सेलर मून'चा खरा वेगळेपणा तिच्या नायिकेच्या नावात आहे. त्सुकि म्हणजे चंद्र आणि उसागी म्हणजे ससा. चंद्राला शशांक म्हणणाऱ्या मराठी वाचकाला हा ससा परका नाही. जातककथेत, याचकाच्या वेषात आलेल्या शक्राची भूक भागवण्यासाठी ससा अग्नीत उडी घेतो आणि शक्र त्याची आकृती चंद्रावर रेखतो. ही कथा बौद्ध परंपरेबरोबर जपानपर्यंत गेली. तिच्यात दोन रूपे आहेत : शक्राचे वेषांतर आणि सशाचे आत्मदान. उसागी या दुसऱ्या बाजूची आहे. पहिल्या पर्वाच्या शेवटी तिच्या चारही सख्या मरतात, ती आपले प्राण पणाला लावून लढते, आणि अखेरची इच्छा करते ती साध्या आयुष्याकडे परतण्याची. तिच्या हातातील चंद्रदंडाने राक्षस झालेली माणसे पुन्हा माणसे होतात. मोहिनी असुराचे भस्म करते. उसागी असुरात दडलेला माणूस परत आणते.

हे श्रेय देताना मर्यादाही नोंदवणे प्राप्त आहे. रूपांतराचे दृश्य भागाभागांत तसेच वापरले जाते. त्यामागे निर्मितीखर्चातील बचत आहे आणि मंत्रदंडासारख्या वस्तूंची खेळणी विकण्याचे अर्थकारणही आहे. मुलीची देहाकृती चमकत्या बाह्यरेषेत दाखवणारी ही दृश्ये नजरेच्या राजकारणातून सुटत नाहीत. नटण्यातून सामर्थ्य मिळते, या आशयाला 'नटण्याच्या वस्तू विकत घ्या' असे रूप देणे बाजाराला फारसे अवघड नाही. तथापि पुनरावृत्तीला केवळ काटकसर मानणे अपुरे ठरेल. कीर्तनातील नामघोषाप्रमाणे ती श्रोत्याला ठरावीक क्षणी ठरावीक भावस्थितीत आणते, आणि भित्री मुलगी पुन्हा एकदा उभी राहणार, हे आश्वासन देते.

मराठी परंपरेत मोहिनीचा प्रवास मात्र पुराणापाशी थांबलेला नाही. नेवासे येथे मोहिनीराजाचे मंदिर आहे. गोव्यात म्हार्दोळ येथे महालसा पुजली जाते ती मोहिनीरूपानेच. पोर्तुगीज काळात वेर्ण्याहून हलवूनही भक्तांनी तिला सोडले नाही. पुराणाने जिला युक्ती म्हणून क्षणभर निर्माण केले आणि विसर्जित केले, तिला लोकश्रद्धेने घर दिले, मखर दिले, उत्सव दिला. म्हणजे क्षणिक रूपाला कायमचे व्यक्तित्व देण्याची क्षमता आपल्या लोकमानसात होती. ललित साहित्याने आणि रंगभूमीने तिचा पुरेसा लाभ घेतला नाही. देवळात स्थिरावलेली मोहिनी कथेत अजूनही कोणाचे तरी सोंगच आहे. बदललेले रूप हे स्वतःचेच आहे असे म्हणू शकणारी मोहिनी मराठी लेखणीने अद्याप घडवायची आहे, आणि एका रडव्या जपानी मुलीची कथा त्या उणिवेची जाणीव करून देते.