टिप्सच्या शहरात रोबेर्तो आर्ल्त

ब्यूनोस आयर्सला जायचं म्हणून कुणीही फोनवर शोधाशोध केली की पहिल्या दहा मिनिटांत त्याला तेच एक शहर भेटतं. 'एल आतेनेओ ग्रँड स्प्लेंडिड' हे पुस्तकांचं दुकान बघाच. कामिनितो टाळा, ते पर्यटकांसाठी आहे. रात्री नऊच्या आधी जेवायला जाऊ नका. डॉलर रोख न्या. रविवारी सान तेल्मोचा बाजार. आणि वर मथळा असतो : 'फक्त स्थानिकांनाच माहीत असलेल्या बारा गोष्टी'. त्या बारा गोष्टी लाखभर परक्यांना माहीत झाल्या तरी मथळा बदलत नाही.

हा प्रकार मी बराच वाचलाय. कामानिमित्त तिथल्या टीमशी रोज बोलणं होतं. त्यांचे सकाळचे दहा म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा. दोनदा मिळून सात आठवडे तिथे राहून आलो. आता आमच्यातले तिघं पहिल्यांदा जाणार आहेत आणि त्यांच्यासाठी 'इनसायडर टिप्स' लिहायचं काम माझ्याकडे आलंय. म्हणून यावेळी हे सगळं मी माहिती म्हणून न वाचता लेखनप्रकार म्हणून वाचलं. कथा किंवा कविता वाचतो तसं : इथे बोलतंय कोण, कुणाशी, आणि काय गाळून?

पहिली गोष्ट लक्षात येते ती म्हणजे यातली क्रियापदं. जा, खा, टाळा, न्या. सगळी आज्ञार्थी. 'का' हा शब्द जवळजवळ नाही. आता 'डॉलर रोख न्या' हीच टीप घ्या. फ्लोरिदा नावाच्या पादचारी रस्त्यावर 'काम्बिओ, काम्बिओ' असं पुटपुटत उभे असलेले दलाल असतात, त्यांना 'आर्बोलितो' म्हणतात, म्हणजे छोटं झाड. ते तुम्हाला 'कुएवा'त, म्हणजे गुहेत नेतात आणि तिथे नोटा बदलून मिळतात. एवढं सांगून टीप संपते. पण हे झाड तिथे उगवलं कसं? डिसेंबर २००१मध्ये अर्जेंटिनाच्या सरकारने बँकांमधून पैसे काढण्यावर बंधन घातलं. त्याला 'कोर्रालितो' म्हणतात. लोकांचे डॉलर आत अडकले आणि पुढे पडत्या भावाच्या पेसोत बदलले गेले. तेव्हापासून बँकेपेक्षा गादीवर विश्वास ठेवणारी एक अख्खी पिढी त्या शहरात आहे. पुढे सरकारी भाव वेगळा आणि रस्त्यावरचा वेगळा, असं बरीच वर्षं चाललं. डिसेंबर २०२३मध्ये सरकारी भाव एका झटक्यात डॉलरला साधारण ३६६ पेसोंवरून ८०० वर गेला. एप्रिल २०२५मध्ये सामान्य माणसांवरची डॉलर खरेदीची बंधनं बरीचशी उठली आणि दोन भावांमधली दरी आटली. म्हणजे ज्या टिपेवर तारीख नाही ती टीप शिळी झालीय की नाही हे कळायला वाचकाकडे काही मार्ग नाही. आमच्या धंद्यात याला शिळा कॅशे म्हणतात. एकेकाळी उत्तर बरोबर होतं, पण ज्या कारणाने ते बरोबर होतं ते कुणी सोबत साठवलंच नाही.

दुसरी खोड याहून वाईट आहे. टीप लिहिणाऱ्याला 'खरं' आणि 'खोटं' वाटण्याचा फार सोस असतो. ला बोका भागातली कामिनितो ही रंगीत पत्र्याच्या घरांची गल्ली हा त्याचा ठरलेला बळी. 'खोटी आहे, नाटकी आहे, टाळा.' नाटकी आहेच! ती एका चित्रकाराने मुद्दाम उभी केली. बेनितो कीन्केला मार्तीन हा अनाथाश्रमात वाढलेला, मग ला बोकातल्या एका कोळसेवाल्याने दत्तक घेतलेला मुलगा. मोठा होऊन त्याने आयुष्यभर हे बंदर रंगवलं. बंद पडलेल्या रेल्वेच्या सांध्याची पडीक जागा त्याने आणि शेजाऱ्यांनी साफ केली, भिंती रंगवल्या आणि १९५९मध्ये तिचं उघड्यावरचं संग्रहालय झालं. नाव दिलं ते त्याच्या मित्राच्या, हुआन दे दिओस फिलिबेर्तोच्या, १९२६ सालच्या टँगोचं. गंमत म्हणजे त्या टँगोचे शब्द ज्या पायवाटेवर लिहिलेत ती ला बोकात नाहीच, दूर ला रिओहा प्रांतातली आहे. तेव्हा इथे 'अस्सल' शोधायला जाणारा आणि 'नकली' म्हणून नाक मुरडणारा, दोघंही एकाच चुकीच्या प्रश्नाला धरून बसलेत. गरीब वस्तीतल्या माणसाने स्वतःच्या गल्लीचं चित्र केलं, हे प्रकरण अस्सल-नकलीपेक्षा कितीतरी रंजक आहे.

मुळात 'इनसायडर' हा शब्दच त्या शहराला फारसा बसत नाही. तिथले लोक स्वतःला 'पोर्तेन्यो' म्हणवतात, म्हणजे बंदरवाले. १९१४च्या जनगणनेत शहरातली निम्मी माणसं परदेशात जन्मलेली होती. 'आम्ही मूळचे इथले' हे वाक्य फार थोड्यांना म्हणता आलं असतं.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्याच्याकडे येतो. रोबेर्तो आर्ल्त, जन्म १९००, बालपण फ्लोरेस नावाच्या उपनगरात. बाप पोझेनहून आलेला जर्मनभाषक, आई त्रिएस्तेकडची. शाळा अर्धवट. 'एल मुंदो' नावाचं स्वस्त, छोट्या आकाराचं, ट्राममध्ये उभ्याने वाचता येईल असं दैनिक मे १९२८मध्ये निघालं आणि त्यात तो सदर लिहू लागला : 'आग्वाफुएर्तेस पोर्तेन्यास'. आग्वाफुएर्ते म्हणजे शब्दशः जोरदार पाणी, म्हणजेच तेजाब. धातूच्या पत्र्यावर तेजाबाने कोरून जे चित्र छापतात तेही. १९४२मध्ये हृदयविकाराने गेला तोवर तो त्या दैनिकात लिहीत होता. मरणोत्तर सत्तर वर्षांची मुदत संपल्याने आता हे लेखन मुक्त आहे आणि फोनवर स्पॅनिशमध्ये सहज मिळतं. माझं स्पॅनिश मध्यम. निम्मं भाषांतराच्या ॲपवर आणि उरलेलं एका सहकाऱ्याचं डोकं खाऊन वाचलं. ॲप बहुतेक ठिकाणी आपटलं, आणि जिथे आपटलं तिथेच आर्ल्त सर्वांत चांगला होता.

कारण तो लिहायचा रस्त्यावरच्या भाषेत, 'लुन्फार्दो'त. इटालियन आणि बाकीच्या आगंतुकांच्या बोलींमधून तयार झालेली ही बोली. तिच्यात शब्द उलटे करायची खोडही आहे, आपण लहानपणी 'च'ची भाषा करायचो त्या जातीची : काफेचं 'फेका', टँगोचं 'गोतान'. आर्ल्तने 'फियाका' या एका शब्दावर लिहिलंय. तो सांगतो, जेनोआच्या बोलीत हा शब्द पोटात अन्न नसल्याने येणाऱ्या गळाठ्यासाठी होता, ब्यूनोस आयर्समध्ये येऊन त्याचा अर्थ झाला काम करायची इच्छा नसणं. भुकेचा शब्द आळसाचा झाला. उपाशी लोक बोटीतून उतरले, त्यांची पोरं पोटभर जेवली आणि ऑफिसात कंटाळली, एवढा सगळा इतिहास एका शब्दात. आमच्या कॉलवर सोमवारी कुणीतरी 'केे फियाका' म्हणतोच, तेव्हा मला आता तो आळस वाटत नाही.

त्याचा दुसरा एक तुकडा फुटपाथवरच्या खुर्च्यांवर आहे. उन्हाळ्याच्या संध्याकाळी घरातल्या खुर्च्या बाहेर येतात आणि त्यांच्याभोवती प्रेमं, चहाड्या, सोयरिकी जमतात. वाडा किंवा चाळ पाहिलेल्या मराठी वाचकाला यात समजावून सांगण्यासारखं काही नाही. पण आर्ल्त कुठेही 'या गल्लीत जा' म्हणत नाही. खुर्ची कोण बाहेर काढतं, कोण पुढे करतं, कोण नुसतं उभं राहतं, हे दाखवतो. ते कळल्यावर तुम्ही कुठल्याही गल्लीत गेलात तरी चालतं.

आणि हे सगळं तो छोट्याशा सदरात बसवतो. 'फोनवर वाचणाऱ्यांना लांब झेपत नाही, म्हणून याद्या लिहाव्या लागतात,' ही टीपवाल्यांची सबब त्यामुळे मला पटत नाही. ट्राममधल्या वाचकालाही लांब झेपत नव्हतं.

आर्ल्तची आरती ओवाळायची नाहीये. बायकांबद्दल, लग्नाळू मुलींबद्दल, सासवांबद्दल लिहिताना तो हलका उतरतो. तोच विनोद पुन्हापुन्हा येतो आणि शेजारच्या पुरुषांना हसवण्यापुरता उरतो. रोज लिहिणाऱ्याचा घाईचा मजकूरही भरपूर आहे. पण माणूस आपल्या जातीचा. फावल्या वेळात स्वयंपाकघरासारख्या प्रयोगशाळेत रबराचा लेप देऊन न फाटणारे बायकांचे मोजे बनवत बसायचा, पेटंटही मिळवलं होतं. मोज्यांनी पैसा दिला नाही. साइड प्रोजेक्ट कसे असतात हे ज्याला माहीत आहे त्याला वेगळं सांगायला नको.

ज्या साली त्याचं सदर सुरू झालं त्याच साली, सप्टेंबर १९२८मध्ये, धंदा बसलेल्या टॅक्सीवाल्यांनी ठरलेल्या मार्गावर अनेक प्रवासी एकदम घ्यायला सुरुवात केली. आपल्याकडच्या वडापसारखंच. त्यातून 'कोलेक्तिवो' बस झाली, आणि आजही वेगवेगळ्या मार्गांच्या बसचे रंग वेगळे. या बसेससाठी एक पुस्तिका निघते, 'गिया ते'. माझ्या मते त्या शहरावरचं हे दुसरं चांगलं पुस्तक. डाव्या पानावर बसमार्गांच्या आकड्यांची चौकट, उजव्या पानावर तितक्याच चौकोनांत कापलेला नकाशा. तुम्ही उभे आहात तो चौकोन आणि जायचंय तो चौकोन, दोन्हींत सामाईक असलेला आकडा शोधायचा. दोन संचांचा छेद, कागदावर! फोन आल्यापासून तिची गरज कमी झाली, तरी तिच्यातला एक गुण कुठल्याच टिपेत नाही : ती कुठे जायचं हे ठरवत नाही. श्रीमंत रेकोलेताचा चौकोन आणि दक्षिणेच्या कारखान्यांचा चौकोन एकाच मापाचे.

टिप्सचा नकाशा मात्र रिवादाव्हिया नावाच्या रस्त्यापाशी संपत येतो. हा रस्ता ओलांडला की आडव्या रस्त्यांची नावंच बदलतात. फ्लोरिदाचा पेरू होतो, एस्मेराल्दाचा पिएद्रास. उत्तरेला शिफारशी, आणि दक्षिणेला सान तेल्मो, कामिनितो सोडलं तर 'अंधार पडल्यावर नको'. रेतिरो स्टेशनाच्या मागे 'विशा ३१' ही प्रचंड वस्ती आहे. अशा वस्त्या शहराच्या अधिकृत नकाशांतही बरीच वर्षं रिकाम्या दाखवल्या जात. २०१४मध्ये 'कामिनोस दे ला विशा' या प्रकल्पात तिथल्या रहिवाशांना बरोबर घेऊन त्यांच्या गल्ल्यांचे नकाशे केले गेले. नकाशात नसलेल्या घरी ॲम्ब्युलन्स कुठे पाठवायची? जपून राहायला सांगणं वेगळं, मलाही त्या तिघांना फोन सांभाळा असं सांगावंच लागेल. पण 'स्थानिकांचं शहर' म्हणून जे विकलं जातं त्यात तिथले निम्मे स्थानिक फक्त धोका म्हणून येतात.

घरी मीना प्रभूंचं 'दक्षिणरंग' होतं, तिथून माझी दक्षिण अमेरिका सुरू झाली. आपल्या प्रवासवर्णनांची पुष्कळ थट्टा होते, पण त्यांतला लेखक निदान कबूल करतो की मी पाहुणा आहे, चार दिवस आलोय, मला दिसलं ते सांगतो. टीपवाला पाहुणाच असतो, बोलतो मात्र यजमानासारखा.

तिघांसाठीच्या नोंदीत सध्या एवढं आहे. कोर्रिएन्तेस रस्त्यावर जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत, तिथेच उभ्याने पिझ्झा खातात, आणि सोबत 'फायना' म्हणून जे मिळतं ते हरभऱ्याच्या पिठाचं असतं, जेनोआच्या लोकांनी आणलेलं. शाकाहारी असाल तर जीव वाचतो. 'एलोईसा कार्तोनेरा' हे प्रकाशन २००३पासून, म्हणजे त्याच दिवाळखोरीनंतर, पुठ्ठे गोळा करणाऱ्यांकडून पुठ्ठा विकत घेऊन त्यावर हाताने रंगवलेली मुखपृष्ठं करतं. कामिनितोला जरूर जा, फोटो काढा, मग घरांकडे पाठ करून काळ्या पाण्याकडे बघा. १९१४चा लोखंडी पूल दिसेल. पलीकडे इस्ला मासिएल. तिथल्या टाकून दिलेल्या क्रेनांवर आर्ल्तचा एक तुकडा आहे, लिंक खाली देतोय. ॲप त्यातल्या बऱ्याच शब्दांवर अडखळेल. तेव्हा टीममधल्या कुणालातरी विचारा.