काव्यातला वसंत आणि आळ्यातले पाणी

वसंत ऋतूचे नाव निघताच आमच्या लेखकांना काही ठराविक पाहुणे आठवतात: कोकिळ, आम्रमंजरी, भ्रमरांचा थवा आणि मलयगिरीवरून येणारा मंद वारा. हे पाहुणे मोठ्या घराण्यातले आहेत व त्यांचा मान राखलाच पाहिजे. परंतु ज्या गावी ते कधी फिरकत नाहीत त्या गावच्या लेखकानेही त्यांच्या नावाने पाट मांडून बसावे, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. भुसावळास मलयानिल येत नाही. फाल्गुन सरता सरता उत्तरेस सातपुड्यात पळस पेटतो, चैत्रात गावातील निंबांना मोहर येतो आणि त्या मोहराचा वास पुरता घेऊन होण्याच्या आतच दुपारच्या झळा सुरू होतात. वैशाखात पारा ४५ अंशांच्या वर गेला तर येथे कोणास नवल वाटत नाही. येथील काळी जमीन तापते, भेगाळते, आणि कवींनी सांगितलेला वसंत कोणत्या फटीतून आला व कोणत्या फटीतून गेला याचा पत्ता लागत नाही.

तथापि याच गावात वसंत एका ठिकाणी खरोखर नांदतो, आणि ते ठिकाण आमच्या वाङ्मयाने अद्याप पुरते पाहिलेले नाही असे आमचे मत आहे. घरापुढील चार हात जागेत बाग करणाऱ्या शेजाऱ्यांचे कुंपणाशी उभे राहून चाललेले बोलणे, हे ते ठिकाण होय. या बोलण्याचा आणि साहित्याचा संबंध काय, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

१८६० नंतरच्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे येथे आली, पुढे नागपूर व इटारसी या दोन दिशांचे मार्ग येथे फुटले, आणि तापीकाठचे एक सामान्य गाव मोठे जंक्शन बनले. रेल्वेबरोबर नाना प्रांतांतील माणसे आली, त्यांच्यासाठी चाळी व बंगले बांधले गेले, आणि प्रत्येकाच्या वाट्यास थोडीबहुत मोकळी जमीन आली. जमीन दिसली की माणसाचा हात स्वस्थ राहत नाही. कोणी मोरीच्या पाण्यावर अळू व कर्दळ लावली, कोणी दाराशी मोगरा लावला, कोणी हौसेने विलायती फुलांचे वाफे केले. हे विलायती पाहुणे आमच्या हवेत मोठे चमत्कारिक वागतात. इंग्लंडातील खेड्यातल्या घरांपुढच्या बागा ज्या सुमारास जाग्या होतात, त्याच सुमारास आमच्याकडील फ्लॉक्स व पिटूनिया पिवळी पडून बी धरतात. कारण येथे त्यांचे आयुष्य आश्विन-कार्तिकात सुरू होऊन फाल्गुनात संपते. इंग्रजी पुस्तके वाचून बाग करू जाणारास येथील वसंत हा पहिला धडा देतो. मग तो पुस्तक मिटतो व शेजाऱ्यास विचारतो; आणि गप्पा सुरू होतात.

या गप्पांचा मासला असा. “वहिनी, तुमच्या मोगऱ्याला यंदा एवढ्या कळ्या कशा हो?” असे एकीने विचारावे. “अहो काकू, पौषात त्याचे पाणी तोडले, माघात छाटला आणि मग शेणखत घालून आळे भरले. तुमचा जीव राहवत नाही, तुम्ही बारा महिने पाणी घालता, मग तो नुसता पानांनीच माजतो,” असे दुसरीने उत्तर द्यावे. एवढ्यात पलीकडच्या ओट्यावरून पेन्शनीत निघालेल्या नानांनी बजावावे की, “दुपारचे पाणी घालू नका, मुळे शिजतील. उन्हे उतरू द्या.” यात अलंकार नाही, कल्पनाविलास नाही. पण कोणत्या जिवास केव्हा द्यावे आणि केव्हा हात आखडावा, या विषयावरील एक जुने शहाणपण या तीन वाक्यांत येऊन गेले आहे; आणि ते शहाणपण आहे असे बोलणाऱ्यांपैकी कोणासही वाटले नाही. उपदेश करीत आहोत याची जाणीव नसलेला उपदेश वाङ्मयात फार दुर्मिळ असतो.

या गप्पांना रेल्वेच्या गावात आणखी एक छटा आहे. नोकरीत बदली चुकत नाही. ज्याने लिंबू लावले त्यानेच त्याचे सरबत प्यावे असा नियम येथे चालत नाही. बिऱ्हाड हलू लागले की ट्रंका बांधल्या जातात, भांडी पोत्यात जातात, आणि कुंड्या मात्र शेजारणीच्या ओट्यावर जाऊन बसतात. त्यांच्याबरोबर सूचनाही जातात: हिला सावलीत ठेवा, हिच्यावर मावा पडतो, हिला फार पाणी सोसत नाही. पुढे पूर्वी पत्रातून व आता दूरध्वनीवरून चौकशी होते, “आमचा मोगरा फुलला का?” दुसऱ्याच्या अंगणात गेलेल्या झाडास ‘आमचा’ म्हणण्याचा हक्क बागेच्या जगात कोणी नाकारीत नाही.

असे बोलणे साहित्यात येण्याच्या योग्यतेचे आहे काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की ते साहित्यात फार पूर्वीच आलेले आहे, आणि तेही कालिदासाच्या हातून. ‘शाकुंतला’चा पहिला अंक उघडून पाहावा. आम्ही अध्यापक मंडळी त्या अंकातील भ्रमराचा प्रसंग व दुष्यंताचे झाडाआडून पाहणे यांवर तासचे तास घालवितो. पण त्या आधी तीन मैत्रिणी झाडांना पाणी घालीत गप्पा मारीत आहेत, हे घाईने सांगून पुढे जातो. वास्तविक अंकाचा पाया तेथे आहे. कण्वांना तुझ्यापेक्षा आश्रमातली झाडेच अधिक प्रिय दिसतात, नाही तर त्यांनी तुझ्यासारख्या नाजूक मुलीला आळी भरण्याच्या कामाला लावले नसते, अशी अनसूया थट्टा करते. मूळ शब्द ‘आलवाल’ असा आहे; भुसावळच्या वहिनींचे ‘आळे’ ते हेच. केवळ वडिलांची आज्ञा म्हणून नव्हे, मला या झाडांची माया बहिणीसारखी आहे, असे शकुंतला उत्तर देते. वनज्योत्स्ना नावाची नवमालिका आंब्याला बिलगली आहे, तिच्यावरून प्रियंवदा शकुंतलेच्या लग्नाची थट्टा करते. आणि ऋतू कोणता? प्रस्तावनेत सूत्रधार नटीला नुकत्याच सुरू झालेल्या ग्रीष्माचे गाणे म्हणावयास सांगतो. ज्या दिवसांत पाण्याला किंमत असते त्याच दिवसांत कालिदासाने या मुलींच्या हाती घडे दिले आहेत.

या पाण्याचे मोल चौथ्या अंकात कळते. सासरी निघालेली शकुंतला वनज्योत्स्नेचा निरोप घेते व तिला दोघी सख्यांच्या हाती सोपविते. तेव्हा सख्या रडत विचारतात की मग आम्हांला कोणाच्या हाती सोपवितेस? पहिल्या अंकातील साध्या गप्पा वाचकाने ऐकल्या नसत्या तर हा प्रश्न केवळ एक चतुर उक्ती ठरला असता. ज्या वेलीस रोज पाणी घातले ती दुसऱ्याच्या स्वाधीन करण्याचे दुःख कसले असते, हे आपणांस आधीच ठाऊक झालेले असते म्हणून तो काळजास भिडतो. बदलीच्या दिवशी कुंडी शेजारणीच्या हाती देणाऱ्या बाईस या अंकाची टीका वाचावी लागत नाही.

सहाव्या अंकात प्रत्यक्ष वसंत आहे, आणि तेथेही कालिदासाने प्रथम दोन उद्यानपालिकांस बोलावयास लाविले आहे. परभृतिका व मधुकरिका आंब्याचा पहिला मोहर पाहून हरखतात. तोच कंचुकी येऊन रागे भरतो, कारण शोकग्रस्त राजाने वसंतोत्सव बंद केला आहे. बाग फुलावयास आली असताना फुलण्यास बंदी आहे, ही राजाच्या दुःखाची तीव्रता बागेत राबणाऱ्या दोन मुलींच्या हिरमोडातून आपणांस कळते. राजाने स्वतः चार श्लोक म्हणून ती इतकी कळली नसती.

आता आपल्या खानदेशाकडे वळू. १९०७ साली जळगावास कविसंमेलन भरले असता धरणगावचे त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या मुलास ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. ती देणारे अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे स्वतः कवी होते व वनस्पतिशास्त्राचे मोठे जाणकारही होते. भारतीय औषधी वनस्पतींवरील त्यांचा व बसूंचा सुप्रसिद्ध ग्रंथ १९१८ साली प्रसिद्ध झाला. वनस्पतींची मुळे, साली व पाने तपासणाऱ्या माणसाने फुलांच्या कवीस आशीर्वाद द्यावा, हा योग मोठा सुंदर होता. परंतु त्याच १९१८ सालच्या मे महिन्यात जळगाव व भुसावळ यांच्यामधील भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून बालकवींचा अंत झाला. त्यांचे वय तेव्हा अवघे सत्तावीस वर्षांचे होते.

बालकवींच्या निसर्गाइतका प्रसन्न निसर्ग मराठीत दुसरा नाही. परंतु त्या निसर्गास कोणी पाणी घालीत नाही. तेथील फुले आपोआप उमलतात, गवत आपोआप हिरवे होते, आणि फुलाचे लग्न सूर्यकिरणाशी लागते. हा दोष नव्हे. भावकवीस तो अधिकारच आहे. मात्र हाच एक निसर्ग आहे असे समजून पुढील दोन पिढ्यांनी त्याचीच नक्कल केली, तेव्हा प्रतिभा मागे राहिली आणि आपोआप उमलणे तेवढे हाती आले.

दुसरा निसर्ग त्याच मुलुखात, त्याच काळात वाढत होता. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० चा, म्हणजे बालकवींपेक्षा त्या दहा वर्षांनी वडील. त्यांना अक्षरओळख नव्हती. शेतात व जात्यावर त्यांनी रचलेली गाणी पुत्र सोपानदेव यांनी जपली, आणि आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती १९५२ साली प्रसिद्ध झाली. त्यापूर्वी एकच वर्ष आधी बहिणाबाई निवर्तल्या होत्या. या गाण्यांत बी पेरणारा हात दिसतो, विहिरीवरच्या मोटेचा आवाज ऐकू येतो, आणि आखाजीला माहेरी आलेल्या लेकी झोके घेताना दिसतात. आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया, खानदेशाच्या भर उन्हाळ्यातला सण. येथे आनंद उन्हाला वगळून येत नाही, उन्हातच येतो. बहिणाबाईंचे तत्त्वज्ञान पुष्कळांनी वाखाणले आहे. पण ते कुंपणापलीकडच्या गप्पांच्या सुरात सांगितले आहे, आणि म्हणून ते अंगास लागते, हे फारसे कोणी सांगितलेले नाही.

गद्यात मात्र आमची निराशा होते. फडके, खांडेकर, काणेकर यांनी लघुनिबंध मराठीत रुजविला तो गुजगोष्टींच्या नावाने. परंतु त्या गोष्टी बहुधा लेखकाच्या ‘मी’विषयीच्या असतात, आणि बाग आलीच तर त्या ‘मी’ला बसावयास बाक म्हणून येते. पुढे १९५६ साली दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ आले व झाडाकडे डोळे उघडून पाहणे म्हणजे काय हे मराठी वाचकास कळले. डॉ. शरदिनी डहाणूकरांच्या ‘फुलवा’ने ती ओळख अधिक जिव्हाळ्याची केली. ही पुस्तके आम्हांस अत्यंत प्रिय आहेत. तरी ‘ऋतुचक्रा’तील निरीक्षक बहुधा एकटा असतो; कुंपणापलीकडून त्यास कोणी टोकीत नाही, “अहो, ते रोप फार खोल लावलेत” असे कोणी सांगत नाही.

या बाबतीत चेक लेखक कारेल चापेक याचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. ‘रोबोट’ हा शब्द ज्याच्या १९२० सालच्या नाटकाने जगास दिला, त्याच लेखकाने १९२९ साली हौशी माळ्याच्या बारा महिन्यांवर एक छोटेसे पुस्तक लिहिले, व त्याचा भाऊ योसेफ याने त्यास चित्रे काढली. चापेक वसंताचे वर्णन करण्यापेक्षा वसंतासाठी कंबर मोडून घेणाऱ्या माणसाचे वर्णन करतो: पाण्याच्या रबरी नळीशी झुंजणारा, खताकडे लोभाने पाहणारा, पावसाची वाट पाहणारा, कधीही तृप्त नसणारा. त्याचा विनोद टवाळीचा नाही, कारण स्वतः लेखकाच्या नखांत माती आहे. हे पुस्तक वाचल्यावर प्राग शहर आणि आमचे भुसावळ यांतील अंतर कमी वाटू लागते.

आक्षेप एकच उरतो: शेणखत आणि मावा हे काय सरस्वतीच्या मंदिरात न्यावयाचे विषय आहेत? ज्या भाषेत अरणगावच्या सावता माळ्याने तेराव्या शतकात भाजीच्या मळ्यातच विठ्ठल पाहिला आणि वारकऱ्यांनी त्यास संत म्हणून डोक्यावर घेतले, त्या भाषेत हा प्रश्न पुन्हा विचारण्याचे कारण नाही. मात्र नुसत्या गप्पा उतरवून काढल्या म्हणजे साहित्य होते, असेही आमचे म्हणणे नाही. छाटणी तेथेही हवीच. कोणत्या फांदीस कळी येणार आहे हे ओळखणारा डोळा हवा.

ही निकड आज अधिक आहे. बैठ्या घरांच्या जागी सर्वत्र मजल्यांवर मजले चढत आहेत आणि बाग गॅलरीतील चार कुंड्यांवर आली आहे. कुंड्यांविषयी आमची तक्रार नाही. त्याही उन्हाळ्यात जगविणे हा पुरुषार्थच आहे. पण कुंपण गेले की त्यावरून चालणारे बोलणे जाते, आणि त्याबरोबर आळे, वाफा, दांड, फुटवा, दाब, डोळा, पाणी तोडणे हे शब्दही जातात. या शब्दांत पिढ्यांनी जिवाशी जीव जपण्याची रीत साठविली आहे. ते एकदा गेले तर केवळ कोश पाहून परत आणता येणार नाहीत.

म्हणून नव्या लेखकांकडे आमचे मागणे थोडे आहे. वसंताचे वर्णन अवश्य करावे. मात्र लिहून झाल्यावर एकदा स्वतःस विचारावे की या वसंताला पाणी कोणी घातले, आणि ते घालताना शेजाऱ्याशी काय बोलणे झाले. ज्या पानावर या प्रश्नाचे उत्तर सापडेल ते पान, मग त्यात कोकिळ असो वा नसो, आम्ही वसंताचे म्हणून आनंदाने वाचू.