'अत्यावश्यक' कशाला म्हणायचे?

विकराचा कोणता भाग कामाचा, हे ओळखण्याची युक्ती महाविद्यालयीन पुस्तकांत बहुधा दोन ओळींत आटोपते: जनुकात उत्परिवर्तन घडवून एखादे अमिनो आम्ल बदला, विकर बंद पडले, तर ती जागा अत्यावश्यक. युक्ती उत्तमच आहे. निष्कर्ष मात्र आम्हांला घाईचा वाटतो.

सायकलची चेन काढली तर ती चालत नाही, फ्रेम वाकवली तरी चालत नाही. म्हणून फ्रेम चाक फिरवते असे आपण म्हणत नाही. टी-४ या जीवाणुभक्षी विषाणूच्या लायसोझाइमचेच पाहा. हे विकर जीवाणूची भित्तिका फोडते, मग नवे विषाणू बाहेर पडतात. १९९१ साली रेनेल व सहकाऱ्यांनी त्याच्या १६४ पैकी १६३ जागी आळीपाळीने १३ अमिनो आम्ले बसवून पाहिली. एकूण २०१५ बदलांपैकी फक्त ३२८ घातक ठरले. निम्म्याहून अधिक जागांनी तर सगळे बदल मुकाट सोसले! ज्यांनी सोसले नाहीत, त्यांतल्या पुष्कळ जागा रेणूच्या आत दडलेल्या आहेत. तिथे बिघडते ती प्रथिनाची घडी. म्हणून विकर बंद पडले की आधी विचारायचे, ते नीट घडले तरी होते का?

शिवाय कसोटी काय होती? बशीतल्या जीवाणूंच्या थरात विषाणू पारदर्शक ठिपका पाडतो की नाही, एवढीच. विकर मंदावले तरी ठिपका पडू शकतो. कसोटी कडक केली असती, तर 'आवश्यक' जागांची यादी लांबली असती.

आता खऱ्याखुऱ्या क्रियाशील जागा घेऊ. सबटिलिसिन हे प्रथिने तोडणारे विकर धुण्याच्या पावडरीतही असते. त्यातील अ‍ॅस्पार्टेट ३२, हिस्टिडिन ६४ आणि सेरीन २२१ हे त्रिकूट प्रसिद्ध आहे. १९८८ साली कार्टर आणि वेल्स यांनी त्यांच्या जागी साधे अ‍ॅलानिन बसवले. एकटे सेरीन बदलले तर वेग सुमारे वीस लाख पटींनी घटला. तिन्ही बदलली तरीही घट तेवढीच! तिघांचे काम एकत्रच चालते, त्यामुळे प्रत्येकाचा वेगळा वाटा मोजणे व्यर्थ. आणि त्रिकूट गमावलेले हे विकरदेखील, विकराशिवाय होणाऱ्या क्रियेपेक्षा हजारपटीहून वेगवान होते. हा वेग त्रिकुटाचा नव्हे. तुटण्याच्या बेतात असलेल्या रेणूला धरून ठेवणाऱ्या आजूबाजूच्या खाचेचा तो आहे.